वाटणी कुणी केली?

पत्र असं आहे (थोडं आटोपशीर केलं आहे):

“ताई, माझ्या जुळ्या मुली जन्मल्या तेव्हा कमरेखाली एकमेकींना जोडलेल्या होत्या. अकरा महिन्यांच्या असताना ऑपरेशन करून त्यांना वेगळं केलं. आता दोघी साडेनऊ वर्षांच्या, चौथीत आहेत. दोघींना एकेक पाय. मूत्राशयाचा मोठा भाग थोरलीकडे गेला. धाकटीला दर चार तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते. मागच्या महिन्यात धाकटीने विचारलं, ‘तिला जास्त आणि मला कमी, हे कुणी ठरवलं?’ मी ‘डॉक्टरांनी’ म्हटलं आणि भाकरी करपतेय म्हणून उठले. भाकरी करपत नव्हती. जोडलेल्या असतानाचे फोटो मी कपाटात साडीच्या घडीत ठेवलेत, मुलींनी ते कधी पाहिले नाहीत. मालक म्हणतात, ऑपरेशन झालं, विषय संपला, जुनं उकरू नकोस. पुढच्या वर्षी पाचवीला नवीन शाळा. तिथल्या बाई म्हणतात, दोघींना वेगळ्या तुकड्यांत घाला, म्हणजे स्वतंत्र होतील. घरात दोन कॉट आहेत, पण सकाळी दोघी एकीवरच सापडतात. थोरली गुणी आहे, धाकटीचं सगळं बघते, तिची काही काळजी नाही. गावातलं मंडळ गणपतीत दोघींचा सत्कार करायचा म्हणतंय. मी काय काय करू? — एक आई, सातारा जिल्हा”

ताई,

भाकरी करपत नव्हती हे तुम्ही लिहिलंत, तिथेच मला कळलं की उत्तर तुम्हाला माहीत आहे, फक्त ते तोंडातून निघत नाही. मी बरीच वर्षं लहान मुलांच्या रुग्णालयात समाजसेविका होते. आयांना कॉरिडॉरमध्ये असं उठून जाताना खूप पाहिलंय. कुणाला चहा आठवतो, कुणाला फोन.

आधी धाकटीचा प्रश्न घेऊ, बाकीचं सगळं त्यालाच लटकलेलं आहे.

तिने वाटणीचा प्रश्न विचारलाय, आणि वाटणी आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. दोन गुंठे कमी आले म्हणून भाऊ आयुष्यभर अबोला धरत नाहीत. ‘मला बोलावलं नाही, मोजणी माझ्यामागं झाली’ म्हणून धरतात. तुमच्या मुलीची मोजणी तर तिच्या अकराव्या महिन्यात, तिला भूल दिलेली असताना झाली. ती कशी झाली हे तिला कळायला हवं, आणि ते सांगता येण्यासारखं आहे.

अशा ऑपरेशनच्या आधी डॉक्टर आठवडेच्या आठवडे तपासण्या करतात. कुठली रक्तवाहिनी कुणाच्या हृदयाकडून येते, कुठल्या मूत्रपिंडाची नळी कुठे उतरते, कुठली नस कुणाच्या मणक्यातून निघते, हे सगळं रेखून घेतात. अवयव ज्या बाळाच्या रक्तावर आणि नसांवर चालतो, त्या बाळाकडे जातो. मूत्राशय नुसतं कापून दुसरीकडे शिवलं आणि त्याच्या नसा पहिलीकडेच राहिल्या, तर ती नुसती एक पिशवी होते. भरलेली कळत नाही आणि रिकामी करता येत नाही. ‘हिला जास्त देऊ’ असं कुणी बसून ठरवलेलं नसतं. पुष्कळदा शरीरानेच आधी ठरवून ठेवलेलं असतं.

पण नेहमी नाही, आणि हे मुलीपासून लपवू नका. कधीकधी खरोखर निवड करावी लागते. पाकिस्तानातल्या सफा आणि मारवा या बहिणींची डोकी जोडलेली होती. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात टप्प्याटप्प्याने ऑपरेशनं होऊन 2019च्या फेब्रुवारीत त्या वेगळ्या झाल्या. मारवा अशक्त होती, म्हणून दोघींच्या सामाईक रक्तवाहिन्यांपैकी काही महत्त्वाच्या तिला द्यायच्या असं ठरलं. त्यानंतर सफाला पक्षाघाताचा झटका आला. त्यांचे सर्जन ओवेस जिलानी मूळचे काश्मीरचे. हा निर्णय माझा होता, आमच्या टीमचा होता आणि तो घेऊन आम्हाला जगायचंय, हे त्यांनी उघडपणे सांगितलं. मला हा माणूस त्या एका गोष्टीसाठी लक्षात राहिला. त्याने रक्तवाहिन्यांवर ढकललं नाही, नशिबावरही नाही.

तुम्ही ‘डॉक्टरांनी’ म्हणालात ते निम्मं खरं आहे. कागदावर सही तुमची आणि मालकांची आहे. मुलीला तेही सांगा. मी तुमच्या जागी असते तर काहीसं असं बोलले असते: “तुम्ही दोघी पोटात असल्यापासून जोडलेल्या होतात. लघवीची पिशवी दोघींत मिळून होती. तिच्या बहुतेक नसा ताईच्या बाजूने येत होत्या, म्हणून मोठा भाग तिकडे ठेवावा लागला. तुझ्याकडे जेवढा आला, त्याच्यावर तुझं चालावं म्हणून डॉक्टरांनी नळीची सोय केली. आम्हाला सगळं समजावून सांगितलं आणि आम्ही दोघांनी सही केली. तुला विचारता आलं नाही, कारण तू बोलत नव्हतीस. राग आला तर माझ्यावर काढ.” शेवटचं वाक्य गाळू नका. पोरीला राग कुठे ठेवायचा ते कळलं नाही, तर ती तो बहिणीवर ठेवील.

नसांचं जे मी लिहिलं, ते तुमच्या मुलींच्या बाबतीत तसंच असेल असं धरून चालू नका. रुग्णालयातून ऑपरेशनचे कागद मागून घ्या. नुसतं डिस्चार्ज कार्ड नको, ऑपरेशनची सविस्तर नोंद मागा. कागद मागितल्यावर 72 तासांत देण्याचा नियम आहे. पण दाखल रुग्णांचे कागद जपण्याचं बंधन तीनच वर्षांचं आहे आणि तुमच्या ऑपरेशनला साडेआठ झाली, म्हणून आता रेंगाळू नका. रेकॉर्ड रूममध्ये नाही मिळाले तर थेट सर्जनना गाठा. असं ऑपरेशन करणाऱ्या माणसाने स्वतःकडे एक प्रत ठेवली असण्याची शक्यता चांगली आहे. आणि त्यांना एक विनंती करा: दोन्ही मुलींना समोर बसवून कागदावर चित्र काढून दाखवा. माझा अनुभव असा की सर्जन हे आनंदाने करतात. त्यांना असं कुणी विचारतच नाही.

तुम्ही सही केली ती चूक होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण ओळींच्या मधे आहेच. इराणच्या लादान आणि लालेह बिजानी या बहिणींना स्वतः निवडता आलं. दोघी 29 वर्षांच्या, कायदा शिकलेल्या. एकीला वकिली करायची होती, दुसरीला पत्रकारिता. मृत्यूचा धोका ऐकून-समजून त्या 2003 साली सिंगापूरला टेबलावर गेल्या आणि दोघीही वाचल्या नाहीत. उलट तेलंगणातल्या वीणा आणि वाणी डोक्याने जोडलेल्याच राहिल्या. ऑपरेशन जोखमीचं म्हणून झालं नाही. 2022 साली दोघी बारावी पहिल्या वर्गात पास झाल्या. म्हणजे वेगळं होणं हाच एक सुखाचा रस्ता असतो असं नाही, आणि मोठेपणी विचारून केलं असतं तर बरं झालं असतं, असंही नाही. तान्हेपणी आईबापच ठरवतात. तुम्ही ठरवलंत, आणि दोघी आज चौथीत आहेत.

आता मालकांचं ‘विषय संपला’. त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा. ओडिशातल्या कंधमाळ जिल्ह्यातले जगा आणि कालिया हे डोक्याने जोडलेले भाऊ 2017च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या एम्समध्ये वेगळे झाले, तेव्हा देशभर बातमी गाजली. त्यानंतर दोन वर्षं ती पोरं रुग्णालयातच होती. 2019च्या सप्टेंबरात ओडिशाला परतली. 2020च्या नोव्हेंबरात कालिया गेला. त्याची बातमी चार ओळींची आली. आपल्या परळच्या वाडिया रुग्णालयात 2014च्या जानेवारीत वेगळ्या झालेल्या दोन मुलींचं बालपण त्यानंतर कित्येक वर्षं तिथेच गेलं, वाढदिवसाचे केक नर्सेस-डॉक्टरांनी कापले. ऑपरेशनच्या दिवशी कॅमेरे जातात आणि खरं काम दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं. मालकांना घाबरवायला हे लिहीत नाही. तुमच्या मुली कालियासारख्या आजारी नाहीत. पण ज्या शरीरांची पुनर्रचना झालीय, त्यांच्याकडे दरवर्षी कुणीतरी नीट बघावं लागतं, आणि तुमच्या पत्रात शेवटची तपासणी कधी झाली याचा उल्लेखच नाही.

तपासणीला जाल तेव्हा तीन गोष्टी विचाराच. पहिली मूत्रपिंडांची. मूत्राशय लहान असेल किंवा नीट रिकामं होत नसेल तर दाब मागे मूत्रपिंडांवर जातो, आणि त्याचं दुखत-खुपत काही नाही. म्हणून सोनोग्राफी, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते त्यावरून कळतं) आणि रक्तदाब. हो, मुलांचाही रक्तदाब बघायचा असतो. थोरलीचाही बघा, तिच्याकडे ‘जास्त’ आलं म्हणजे ते ठणठणीत आलं असं नव्हे. एक आणखी: नळी घालणाऱ्या मुलींच्या लघवीत जंतू सापडतातच. ताप नाही, दुखत नाही, आणि नुसत्या रिपोर्टवर कुणी प्रत्येक वेळी अँटिबायोटिक लिहून देत असेल, तर मुलांच्या सर्जनना विचारल्याशिवाय सुरू करू नका. ताप असेल तर मात्र थांबू नका.

दुसरी मणक्याची. कंबरेचा सांगाडा अर्धा आणि पाय एक, त्यामुळे उंची भराभर वाढायच्या वयात पाठ एका बाजूला झुकायला लागते. ते वय आता आलंय. कृत्रिम पायाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. घेतला असेल आणि मुली तो कोपऱ्यात टाकून कुबड्यांवर धावत असतील तर रागावू नका. खुब्यापासूनचा पाय जड असतो आणि त्याच्यावर चालायला दमही जास्त लागतो. पुष्कळ मुलं कुबड्याच पसंत करतात. बसताना कंबर सरळ राहील अशी गादी मात्र करून घ्या.

तिसरी गोष्ट कुणी तुम्हाला आपणहून सांगणार नाही, म्हणून मी सांगते. पाळी. साडेनऊ वर्षं म्हणजे ती फार लांब नाही. कमरेखाली जोडलेल्या मुलींमध्ये योनिमार्गही वाटून घ्यावा लागलेला किंवा नव्याने बांधलेला असू शकतो, आणि तो अरुंद राहिला तर रक्त बाहेर न येता आत साठतं. मुलगी दर महिन्याला पोट धरून बसते, घरचे गॅस म्हणून ओवा देतात. पाळी सुरू व्हायच्या आधीच दोघींना एकदा मुलांच्या सर्जनना आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून, आत काय काय आहे ते लिहून घ्या. दोघींचं वेगवेगळं लिहून घ्या.

आता मला ज्यावर बोलायचंय ते. तुमचं पत्र हाताने लिहिलेलं, चार पानी. धाकटीवर पावणेतीन पानं आहेत आणि थोरलीवर एक वाक्य: ‘गुणी आहे, तिची काही काळजी नाही.’ मला तिचीच काळजी वाटते.

गंमत बघा, दोघी एकाच क्षणी पोटातून बाहेर काढल्या असणार. थोरली-धाकटी तुम्हीच कधीतरी ठरवलंत. कदाचित जिच्याकडे जास्त आलं ती थोरली झाली. साडेनऊ वर्षांची मुलगी ‘धाकटीचं सगळं बघते’ म्हणजे काय बघते? दप्तर घेते, वर्गाबाहेर पहारा देते, आपला खेळ अर्धा टाकून चार तासांचं घड्याळ सांभाळते? ती मूर्ख नाही. धाकटीला पडला तो प्रश्न तिला त्याआधी कधीच पडला असेल, फक्त उलटा: मी तिचं घेतलं का? आणि तो तिने कुणाला विचारलेला नाही. गुणी मुली विचारत नाहीत, फेडत बसतात.

अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला केंड्रा आणि मलाया हेरिन या बहिणी 2006 साली, चार वर्षांच्या असताना वेगळ्या झाल्या. तुमच्यासारखंच, एकेक पाय. पण दोघींत मूत्रपिंड एकच होतं. ते केंड्राकडे राहिलं आणि मलाया डायलिसिसवर गेली. पुढच्या वर्षी त्यांच्या आईने आपलं एक मूत्रपिंड मलायाला दिलं. वाटणीत तूट आली, ती आईने भरली. बहिणीला भरायला लावली नाही. तुमच्याकडे एवढं काही करायचं नाहीये. पण घड्याळ थोरलीच्या हातातून काढून घ्या. धाकटी या वयात स्वतः नळी घालायला शिकू शकते; आरसा धरून, बसून, हात धुऊन. पुष्कळ मुली याहून लहान वयात शिकतात. युरोसर्जरीच्या ओपीडीतली सिस्टर दोन-तीन वेळा शेजारी बसून शिकवील. पहिले काही दिवस सांडेल, चिडेल, रडेल. थोरली मदतीला धावेल. तिला त्या वेळी दुकानात साखर आणायला पाठवा.

आणि थोरलीला एकटीला घेऊन बसा. “तू काही घेतलेलं नाहीस” हे वाक्य तिला तुमच्या तोंडून एकदा ऐकायचंय.

फोटोंचं. दाखवा. आजपर्यंत लपले ते तुमच्या सोयीने. नव्या शाळेतल्या कुणा पोराच्या मोबाइलवर जुनी बातमी उघडली तर तिथे तुम्ही नसाल. सुट्टीच्या दिवशी, घरी, मालक असताना दाखवा. ते उठून गेले तर जाऊ द्या, परत येतील. आधी सांगून ठेवा की कुठल्या फोटोत काय आहे, कपडे घातलेले फोटो आधी काढा, नळ्या-पट्ट्यांचे मागे ठेवा. मुली हसतीलही. ‘शी, मी अशी होते?’ म्हणतील. हसण्याने दचकू नका. एखादी पाहायला नाही म्हणाली तर आग्रह नको, पण कपाटाला कुलूपही नको. नंतर फोटोंचे दोन संच करा, एकेकीचा एकेक. इथे वाटणी सारखी करता येते.

तुकडीचा प्रश्न मला तुमच्या मुलींपेक्षा नव्या शाळेतल्या बाईंचा वाटतो. ‘स्वतंत्र होतील’ हे शब्द मला जरा खटकले. वेगळं व्हायचं काम त्यांच्यासाठी एकदा दुसऱ्यांनी केलंय. यावेळी त्यांना विचारा. एकत्र विचारू नका, एकत्र त्या एकच उत्तर देतील. एकीला बाजारात नेताना विचारा, दुसरीला केस विंचरताना. उत्तरं वेगळी आली तरी आश्चर्य वाटून घेऊ नका, आणि वेगळी तुकडी हवी म्हणणारी थोरली निघाली तर तिला कृतघ्न ठरवू नका. माझं मत विचाराल तर तुकडीपेक्षा संडास महत्त्वाचा. वर्ग तळमजल्यावर हवा. आतून कडी लागणारा, पाणी असलेला संडास हवा आणि नळीची पिशवी टांगायला एक खिळा हवा. शाळेत दोनदा तरी तिला जावं लागेल, त्यासाठी तास अर्ध्यात सोडण्याची कायमची परवानगी एका बाईंकडून लेखी घ्या. शाळा खळखळ करायला लागली तर 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं नाव घ्या. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला अठराव्या वर्षापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क त्यात आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, दोघींचं वेगवेगळं काढलंय ना? एकीच्या कागदावर दोघींचं भागवणारी कुटुंबं मी पाहिली आहेत.

कॉटचं काही करू नका. आम्ही सहा भावंडं एका वाकळेखाली झोपत होतो आणि आम्हाला कुणी जोडलेलं नव्हतं.

राहिला सत्कार. ‘सयामी जुळे’ हा शब्द कुठून आला माहीत आहे? चँग आणि एंग हे भाऊ 1811 साली सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये जन्मले. त्यांना परदेशात नेऊन तिकीट लावून लोकांना दाखवलं गेलं, त्यावरून तो शब्द जगभर झाला. पुढे ते अमेरिकेत शेती करून राहिले, दोन बहिणींशी लग्नं केली, दोघांना मिळून 21 मुलं झाली. पण नाव राहिलं ते खेळाचंच. मंडळातल्या पोरांचा हेतू वाईट नसेल. त्यांना विचारा, सत्कार कशाबद्दल? दोघींपैकी कुणी चित्रकलेत, धावण्यात, पाढ्यांत काही मिळवलं असेल तर जिने मिळवलं तिला बोलवा, एकटीला. नुसतं जगल्याबद्दल शाल-श्रीफळ द्यायचं असेल तर ते सर्जनना आणि वॉर्डातल्या सिस्टरना द्या म्हणावं. मुली हो म्हणाल्या तर मात्र जाऊ द्या. नऊ वर्षांच्या पोरींना स्टेज आवडतं, आणि तिथे आपली तत्त्वं मधे आणू नयेत.

कागद मिळाले की मला कळवा. नाही मिळाले तरी कळवा, अर्ज कसा लिहायचा ते सांगते.

ता. क. — ज्या मुलांची बरीच ऑपरेशनं झालीत आणि ज्यांना रोज नळी लागते, त्यांना रबराची, म्हणजे लॅटेक्सची ॲलर्जी व्हायचा धोका जास्त असतो. वाढदिवसाचे फुगे त्याचेच असतात. फुगवताना ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या किंवा दम लागला असं कधी झालंय का, आठवून पाहा आणि डॉक्टरांना सांगा. नळीही लॅटेक्स नसलेलीच मागा.